तिसरं बेअरिंग

इंजिन बांधताना बेअरिंगला ऑइल बोटानेच लावायचं, ब्रशने नाही. हा नियम माझ्या भागीदाराचा. ब्रशचा केस आत अडकतो, आणि कचऱ्याचा कण असला तर तो बोटाला कळतो, ब्रशला नाही, असं तो म्हणायचा. नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा पंपाने ओढलेलं ऑइल सगळीकडे पोचायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ आतले भाग फिरतात ते आपण बोटाने लावलेल्या ऑइलवर. एखादी जागा कोरडी राहिली तर लोखंडावर बेअरिंग घासतं आणि जळतं.

आमचं गॅरेज लालबागच्या एका गल्लीत, चाळीच्या तळमजल्यावर. तो मालवणकडचा, मी इथलाच, गिरणीकामगाराचा मुलगा. आम्ही एकाच वयाचे. इंजिन बांधताना मी ऑइल लावायचो आणि तो वरची कॅप बसवून नट आवळायचा. त्याची नजर पान्यावर असायची, म्हणून प्रत्येक बेअरिंगला मान वर न करता तो विचारायचा, "ओलं?"

मी म्हणायचो, "ओलं." मगच त्याचा पाना फिरायचा.

"मेल्या, नुसता बोलतंस काय लावतंस पण?" असं मधूनच चिडवायचा. पण माझा शब्द आल्यावर त्याने कधी वाकून पाहिलं नाही.

नट किती आवळायचा हे तो हातानेच ओळखायचा; जास्त आवळला तरी बेअरिंग जळतं. एका वर्षी जिन्यावरून पडून त्याचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर तो कामावर आला, पण हाताचा अंदाज पूर्वीसारखा राहिलाय का, ही शंका त्याला होती. चहाचा ग्लास उचलतानाही तो मूठ उघडमीट करून बघायचा.

एका टॅक्सीचं इंजिन आम्ही उघडलं होतं. गणपती जवळ आले होते आणि गल्लीच्या तोंडाशी मंडपाचे बांबू उतरत होते. दुसऱ्या दिवसापासून गाडी आत-बाहेर होणार नव्हती, त्यामुळे टॅक्सी संध्याकाळच्या आत बाहेर काढायची होती. दोन बेअरिंगं झाली तेवढ्यात बाहेरून एकजण ओरडला, "ओ गॅरेजवाले, तुमची स्कूटर काढा, नायतर मंडपात घेऊ तिला! आरती करा मग तिची!"

मी जाऊन स्कूटर हलवली, दोन शब्द बोललो, हसलो आणि परत आलो. तो तिसऱ्या बेअरिंगपाशी कॅप धरून थांबला होता.

"ओलं?"

"ओलं."

मी ठरवून खोटं बोललो नाही. रोज निघणारा शब्द तोंडातून निघाला, आणि माझं बोट चौथ्या बेअरिंगकडे गेलं.

टॅक्सी गल्लीबाहेर निघाली, पण नाक्यावर पोचेपर्यंत आतून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला आणि इंजिन जाम झालं. ढकलत परत आणून उघडलं. तिसरं बेअरिंग जळून क्रँकला, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याला, चिकटलं होतं. बाकीची तीन चकचकीत. बघताक्षणी मला सगळं आठवलं.

तो मात्र स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. "जास्त आवळलं गेलं रे," तो म्हणाला. "ह्या हाताला आता कळत नाय."

टॅक्सीवाला शेजारीच उभा होता. "आधी हात बरा कर बाबा," तो म्हणाला, "मग इंजिनाला लाव."

मी हातातल्या फडक्याची घडी करत राहिलो. मी काय बोललो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

त्यानंतर त्याने नट आवळणं सोडलं. पाना माझ्या हातात द्यायचा आणि बाजूला उभा राहायचा. गिऱ्हाइकं मला विचारू लागली. मला ते आवडायचं, हेही आता लिहून टाकतो. दिवाळीच्या आधी तो गावी गेला, आंब्या-नारळाच्या बागेचं बघायला. कायमचाच. मी अडवलं नाही. त्याला सोळा वर्षं झाली. सणासुदीला फोन व्हायचे, पाऊसपाण्याचं बोलणं व्हायचं.

आता इंजिन पूर्ण उघडायचं काम क्वचितच येतं. गेल्या महिन्यात गिरगावातले एक गृहस्थ वडिलांची जुनी गाडी घेऊन आले. मी एकटाच बसलो. ऑइल मीच लावलं आणि आकडा दाखवणाऱ्या पान्याने नटही मीच आवळायला घेतले. दोन झाली. तिसऱ्याला ऑइल लावलं, कॅप हातात घेतली आणि थांबून राहिलो. कुणीतरी विचारेल म्हणून थांबलो होतो. गॅरेजात दुसरं कुणीच नव्हतं. त्याच्या आवाजासाठी इतका जीव तुटला की तशाच तेलकट हातांनी मी फोन लावला.

सगळं सांगितलं. स्कूटर, मंडपवाले, कोरडं बेअरिंग. इतकी वर्षं का लपवलंस, असं तो विचारील म्हणून उत्तर मनात जुळवून ठेवलं होतं. ते त्याने विचारलंच नाही. त्याच्या मागे कावळे ओरडत होते.

मग तो म्हणाला, "म्हणजे माझो हात बरो होतो?"

"बरा होता."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

मागून त्याच्या बायकोने विचारलं, "कोणाचो फोन ओ?"

"मुंबयचो," तो तिला म्हणाला. "गॅरेजातलो एक."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर मी तीनदा लावला. रिंग जाते, तो उचलत नाही.