तिसरा दिवा

किशनकाका गेल्याचं मला फोनवरच कळलं. त्यांच्या नातीनं, सुमानं, दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. मी मात्र रिसीव्हर धरून तशीच उभी राहिले... लाइन उगाच अडवू नये, हे त्यांनीच शिकवलेलं असूनही.

भैंसाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नवीन लागले, तेव्हा काका तिथले जुने टेक्निशियन होते. मी इंग्रजी शाळेतली, कमी बोलणारी. "मॅडम, मशीनशी तरी बोलत जा," म्हणायचे. शेजारच्या बासर गावाकडे आमच्या तीनच लाइनी होत्या. लाइन गुंतली की माझ्या डावीकडे भिंतीवर तिचा दिवा लागायचा. तिन्ही एकदम गुंतणं क्वचितच व्हायचं. झालंच तर लगेच कळावं म्हणून काकांनी दाराची एक जुनी घंटी दिव्यांना जोडली होती. "वाजली तर भ्यायचं नाही. कोण, कुठं, काऊन, येवढं पाहायचं." मी भ्यायचेच.

वसंत पंचमीला ती वाजली आणि थांबेचना. सकाळीच गावातली मुलं घेऊन बस बासरला गेली होती, सरस्वतीपुढे पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला. पाच वर्षांची सुमाही तीत होती. दुपारी बाजारात कोणीतरी बोललं, बस गोदावरीत गेली. मग जो तो बासरच्या मोजक्या फोनांना फोन लावू लागला. लागेना, म्हणून भीती वाढली. भीती वाढली तसे फोन वाढले. माणसं आमच्या दारात जमली.

काका दिव्यांकडे पाहत होते. "तिन्ही इकडूनच भरून राह्यल्या. तिकडच्यानं सांगतो म्हटलं तर फोन येईन कुठून?" त्यांनी तिसऱ्या लाइनीची आमच्या बाजूची जोडणी काढली. आता तिच्यावर फक्त बासरहून फोन येऊ शकत होता. घंटी थांबली.

दारातला सरकीवाला ओरडला, "लाइन तोडता? लेकरं आमची हायेत! तुमचं काय जाते?"

मी काकांना हळूच म्हटलं, "सुमासाठी तरी एक फोन लावा..."

"मी लावला, तर त्याइनं काऊन लावू नाही? बस खाली. दिवा पाहा."

तो विझलेला दिवा मी किती वेळ पाहिला, कोण जाणे. बाहेर एक बाई रडत होती. आणि दिवा लागला, घंटी वाजली. गावातले सगळे फोन गुंतलेले, म्हणून शाळेच्या गुरुजींनी एक्स्चेंजचाच नंबर फिरवला होता. म्हणाले, वाटेत बसच्या चाकावरचा पाटा मोडला, पोचायला उशीर झाला. लेकरं आता पंगतीत बसली आहेत.

काकांनी ते दारात जाऊन मोठ्यानं सांगितलं. मग मशीनच्या मागे गेले. पाण्याचा गिलास त्यांच्या दातांवर वाजत होता, तेवढं मला ऐकू आलं.

पुढे नवं मशीन आलं. घंटी काकांनी घरी नेली, आजारपणात घरच्यांना बोलवायला उशाशी लावून घेतली. परवा मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा सुमानं ती मला दाखवली. "अजून चालू आहे, ताई," म्हणत तिनं बटण दाबलं. माझी नजर सवयीनं डावीकडे, दिव्यांच्या जागी गेली. तिथे कोरी भिंत होती. तरी मी पाहत राहिले... तिकडून कोणी सांगेल म्हणून.