मुलाखतवाली मावशी

मावशी जाऊन वर्ष झालं नव्हतं, तोच ती मला बँकेत भेटली. काउंटरपलीकडे विशीतला एक पोरगा बसला होता. मी काम सांगितलं. त्याने मान किंचित डावीकडे झुकवली, उजव्या हाताचा अंगठा डाव्या मनगटावर गोल गोल फिरवला आणि म्हणाला, "एक मिनिट, नीट सांगतो." मी पासबुक तिथेच टाकून बाहेर आले. मग दवाखान्यातल्या नर्सने तेच केलं, मोबाइलच्या दुकानातल्या मुलीनेही तेच. मावशीचीच मान, तिचाच अंगठा, तिचंच वाक्य. माझं डोकं ठिकाणावर आहे, आणि भुताखेतांशी माझं कधी जमलेलं नाही. हे कसं झालं ते मला पक्कं ठाऊक आहे. तरी अंगावर काटा यायचा तो येतोच.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिचा सगळा जन्म एका कारखान्यात नोकरभरती करण्यात गेला. लग्न केलं नाही. "इतक्यांना नापास केलं, एकाला पास करायचं राहूनच गेलं," असं स्वतःच म्हणायची. माणूस खुर्ची कशी ओढतो यावरून तो किती दिवस टिकेल ते सांगायची, आणि बहुतेकदा बरोबर निघायचं, हा आणखी वैताग. आमच्याकडे जेवायला आली तरी समोरच्याला विचारणार, "पाच वर्षांनी तू कुठे असशील?" माझे वडील म्हणायचे, "इथेच ताई, याच ताटावर."

निवृत्त झाली आणि घर तिला खायला उठलं. त्याच सुमारास शिक्षण खात्याने हायस्कुलं मोजायला काढली. नुसता परीक्षेचा निकाल पुरेना. शाळेतून बाहेर पडणारी मुलं कॉलेजला आणि नोकरीला कितपत तयार आहेत, त्यावर शाळेला गुण द्यायचं ठरलं. त्यातले बरेचसे गुण लुटुपुटीच्या मुलाखतीचे. बाहेरचं कुणी अनुभवी माणूस शाळेत जाऊन बसणार आणि शेवटच्या वर्षाची मुलं एकेक करून त्याच्यापुढे येणार. मावशीला हे आयतंच चालून आलं. नवा चष्मा केला, केस रंगवले आणि शाळाशाळांतून पोरांना घाम फोडत फिरायला लागली. न्यायचं-आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात गाडी चालवणारी आणि नाही म्हणता न येणारी मीच.

ती शाळा मालधक्क्याच्या मागे होती. आदल्या वर्षी मावशीनेच तिला सगळ्यात कमी गुण दिले होते. यंदाही तसंच झालं तर वरचे दोन वर्ग बंद व्हायचे होते. पुढची शाळा नदीपलीकडे, दोन बस बदलून. मुलगे कसेबसे गेले असते. मुली घरीच बसल्या असत्या. हे मावशीला माहीत होतं, आणि त्या दिवशी गाडीत ती नेहमीची बडबड करत नव्हती.

मावशी आत गेली आणि मी व्हरांड्यात बसले. समोरच्या बाकावर मुलं ओळीने बसली होती. ढकलाढकली नाही, खिदळणं नाही. त्या वयाची पोरं इतकी गप्प बसली की मला आधी शंका येते. मग पाहिलं तर सगळे मनगटं चोळत होते. शाळेत खरूज पसरलीय की काय, असं वाटून मी पाय वर घेतले. तेवढ्यात शिपायाने त्यांना काहीतरी विचारलं, आणि बाकावरच्या सगळ्या माना एकाच वेळी डावीकडे झुकल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

थोड्या वेळाने दार उघडलं. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आत ये," ती मला म्हणाली, "आणि या पोरांची तयारी करून घेणाऱ्या सरांना बोलाव."

आत तिने मला सांगितलं. पहिला मुलगा आला तेव्हा ती खूश झाली होती. दुसरी मुलगीही तशीच चोख. तिसऱ्याचेही तेच शब्द, तीच मान. तेव्हा तिने यादीबाहेरचा प्रश्न टाकला, "तुला भीती कशाची वाटते?" तो म्हणाला, "एक मिनिट, नीट सांगतो. संध्याकाळी कुलूप काढून आत गेलं की, दिवा लावायच्या आधी वाटतं, खुर्चीत कोणीतरी बसलंय." त्याच्यानंतरच्या मुलीनेही हेच सांगितलं, शब्दाला शब्द.

"हे माझं आहे," मावशी म्हणाली. "तुझ्या आईशिवाय कुणाला बोलले नाही मी."

सर आले. किडकिडीत, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. त्याने काही लपवलं नाही.

"गेल्या वर्षी मुलाखतींच्या रेकॉर्डिंगला तुम्हीच हो म्हणालात बाई, मुलांना सरावासाठी. उत्तर कसं द्यायचं ते दोघा-तिघांना तुम्ही करूनही दाखवलंत. पोरं वर्षभर तेच बघत होती. मधल्या सुट्टीत तुम्ही बहिणीला फोन केलात, तेव्हा कॅमेरा बंद करायचा राहिला."

"मग तो भाग काढून टाकायचा ना!"

"टाकणार होतो. मुलं म्हणाली, तिथेच बाई खऱ्या वाटतात. गेल्या वर्षी तुम्ही ज्यांना जास्त गुण दिलेत, ती सगळी थोडीफार तुमच्यासारखीच बोलत होती. आम्ही ते तेवढं पुरं केलं. वर्ग वाचवायचेत बाई, दुसरं काय करणार?"

मला त्याचा संताप आला. मावशीने मात्र पुढच्या मुलीला बोलावलं, आणि मला कोपऱ्यात बसू दिलं.

मुलगी बसली, मान झुकवली, अंगठा मनगटावर ठेवला.

"ते राहू दे," मावशी म्हणाली. "घरी कोण कोण असतं?"

"नऊ जण. दोन खोल्या आहेत."

"मग रिकाम्या घराला तू कशाला घाबरशील गं?"

मुलीचा अंगठा थांबला. "आधी नव्हते घाबरत," ती म्हणाली. आता आवाज तिचा स्वतःचा होता, जरा घोगरा. "पाठ करता करता भीती लागली. आता दिवे गेले की मी दारातच थांबते. आत भाऊ बसलेला असतो. भाऊच आहे ते माहीत असतं. तरी उजेड होईपर्यंत पाऊल टाकवत नाही. वर्गात सगळ्यांचं तसंच झालंय."

मग तिने विचारलं, "नोकरी लागली की जाते का हो बाई ही?"

मावशी तिच्याकडे बघत राहिली.

"जाते," ती म्हणाली. "पहिल्या पगारालाच जाते."

मुलगी हसली. मावशीने सगळ्यांना पूर्ण गुण दिले, त्या मुलीलाही.

गाडीत मी तिच्यावर तोंड सोडलं. "सरळ सरळ खोटे गुण दिलेस तू!"

"खोटे कुठले?" खिडकीबाहेर बघत ती म्हणाली. "कुठल्याही कचेरीत पाठव त्यांना, डोळे मिटून नोकरीवर घेतील. मी तरी जन्मभर दुसरं काय बघत होते?"

वर्ग वाचले. पुढे दुसऱ्या शाळांनीही ते रेकॉर्डिंग मागून नेलं, असं कानावर आलं. पण तो पुढचा भाग. त्या दिवशी आम्ही तिच्या दाराशी पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. मावशीने कुलूप काढलं, पण दार ढकललं नाही. ती उंबऱ्याबाहेर उभीच.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "दिव्याचं बटण उजव्या हाताला आहे."

त्या घरात मी रांगायला शिकले होते. बटण कुठे आहे ते मला सांगायची गरज नव्हती. तिची थट्टा करायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. दार लोटून आत गेले, भिंत चाचपायला लागले. बटण काही हाताला लागेना. ते लागेपर्यंत मी खुर्चीकडे पाहिलं नाही.