मोठे साहेब आणि तुटका बोल्ट

मोठ्या साहेबांचा फोन आला की आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी खुर्चीतून उठून उभे राहायचे. घरात, बनियनवर. शर्ट हाताशी असला तर आधी तो चढवायचे आणि मग "यस सर" म्हणायचे. पलीकडच्याला दिसत नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, चांगले इंजिनियर होते. पण पाठीचा कणा वाकवण्यासाठीच दिलेला असतो, अशी त्यांची समजूत होती. तुमच्याही माहितीत असा एखादा असेलच.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात सगळे केंद्र सरकारचे नोकर. तिथे लहानमोठेपण वयावर नाही, ग्रेडवर. गणपतीत आरतीचं तबकसुद्धा ग्रेडप्रमाणे फिरायचं.

मी तेव्हा शाळेतली कायमची नोकरी सोडून गुडगावला एका नव्या कंपनीत लागणार होते. सासरच्यांनी नाकं मुरडली होती. कंपनीच्या मॅनेजरने बजावलं होतं, पहिल्याच दिवशी उशीर केलात तर परत येऊ नका. बसचा भरवसा नव्हता. सगळी भिस्त माझ्या स्कूटरवर.

नवरा टूरवर होता. आदल्या दिवशी, रविवारी, हे शेजारी आपण होऊन खाली आले. "वहिनी, एवढ्या लांब जाणार, ऑइल बदलून देतो." बदललंही नीट. मग ऑइल सोडायचा बोल्ट परत लावताना गरजेपेक्षा एकदा जास्त पाना ओढला. कट्‌! बोल्टचं डोकं पान्यात आणि बाकीचा बोल्ट इंजिनच्या केसमध्ये.

"टेन्शन नका घेऊ वहिनी. तुटक्या तोंडावर एक नट वेल्ड करून घ्यायचा आणि त्याला पाना लावायचा. उष्णतेने आटे सैल पडतात, अलगद निघतो. बाजारामागचा वेल्डिंगवाला आज उघडा असतो."

असं म्हणून ते स्कूटर ढकलायला लागले, तेवढ्यात आमच्याच कॉलनीत राहणारे मोठे साहेब सकाळचे फिरून परत येत होते. थांबले. वाकूनही न बघता म्हणाले, "अरे भाई, वेल्डिंग क्यों? एक्स्ट्रॅक्टर डालो, उलटा घुमाओ, बाहर।" आणि घरून डबा मागवला. सिंगापूरहून आणलेली हत्यारं. "इम्पोर्टेड है।" संपला विषय.

"अहो, वेल्डिंग करायचं होतं ना?" मी हळूच विचारलं.

"हो, पण सर म्हणतायत तर..."

बसले गुडघ्यावर. बोल्टला भोक पाडलं, त्यात ते उलट्या आट्यांचं हत्यार घातलं. साहेब डोक्यावर उभे. "और ज़ोर से!" यांनी जोर लावला आणि हत्यारही आत तुटलं. आता तिथे असं पोलाद अडकलं की कुठलंही ड्रिल त्यात शिरेना. साहेबांनी आपला डबा उचलला. "बोल्ट ही लोकल क्वालिटी का था," म्हणाले आणि नाश्त्याला गेले. आमचे शेजारी म्हणाले, "यस सर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्हाला ठाऊक होतं ना, हे तुटणार म्हणून?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ते सर आहेत ना, वहिनी."

मी दार आपटलं. गांडुळालाही यांच्यापेक्षा ताठ चालता येत असेल.

सोमवारी सकाळी बेल वाजली. ते स्वतःची स्कूटर घेऊन दारात. "चला." मी मागे बसले. वेळेवर पोचले, उपकार वगैरे मानले नाहीत. संध्याकाळी बाहेर आले तर अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या मधल्या एका बाभळीखाली ते पुन्हा हजर.

"ऑफिस नव्हतं?"

"जाऊन आलो. सरांना सांगितलं, काल तुमचं चुकलं म्हणून."

मनात म्हटलं, मारा थापा. आरशासमोर बोलला असाल.

महिनाभरात त्यांची बदली आली, थेट शिलाँगला. मुलांची परीक्षा तोंडावर असताना. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा त्यांची बायको माझ्याजवळ आली. "मीटिंगमध्ये बोलले हो, सगळ्यांदेखत. तुमची स्कूटर, तुमची नोकरी, सगळं सांगितलं. कधी नव्हे ते असं बोलून बसले." तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

एका बोल्टवरून कुणाची बदली होत नसते, असं माझा नवरा म्हणतो. तोही सरकारीच.

ट्रक निघाला तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते, रविवार होता, सगळा ब्लॉक घरात होता. एरवी कुणाची बदली झाली की जिन्यात हार, पेढे, रडारड. त्या दिवशी एकही दार उघडलं नाही. फक्त पडदे हलत होते. मी घरातले लाडू डब्यात भरले आणि सगळ्यांना दिसेन अशी अंगणाच्या मधोमध चालत जाऊन शेजाऱ्यांच्या हातात दिले.