बिनशिशाची गोळी

लष्करानं शोधलेल्या बिनशिशाच्या गोळीचं तंत्र आता बाहेरच्या कारखान्यांना परवान्यावर मिळणार, ही बातमी मी मोठ्यानं वाचली आणि वर शहाणपणा केला, "म्हणजे माणूस मरेल, माती वाचेल!" समोर सासरे होते. गोळ्यांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर शिसं ओतलं, हेच मी विसरलो. ते उठले, जुन्या सवयीनं कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच आमच्या धाकटीला मांडीवर घेतलं.

"जावईबापू, ते शिसं शत्रूच्या आधी आमच्या अंगात शिरायचं."

युद्ध मला आजही नकोच. पण गोळ्या ओतल्या जाणारच असतील, तर हे तंत्र प्रत्येक कारखान्यात गेलंच पाहिजे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं!

नंतर बायको म्हणाली, "कामावरून आले की बाबा मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांना मुलगी नकोच होती."