अव्वाचा गूळ आणि ब्रदरांचा नियम

गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाचं अंग गोड असतं, डोकं चालतंच असं नाही. माझं फार चालत नसे. कोल्हापुरात शाहूपुरी पेठ तेव्हा नुकती वसत होती, गुळाचे सौदे वाढले होते आणि मुंबईची पत्रं इंग्रजीत येऊ लागली होती. ती वाचणारं घरात कुणी नाही. म्हणून मिशी फुटलेल्या वयात आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला ब्रदरांच्या शाळेत नेऊन बसवलं. बाक शेवटचा, कारण मी पुढं बसलो की मागच्या पोरांना फळा दिसत नसे.

ब्रदर म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती, पण पाद्री नव्हेत. हे गावाला कळायलाच बरेच दिवस गेले. लग्न करायचं नाही, स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही, हुकूम आला की दुसऱ्या गावी निघायचं आणि जन्मभर पोरं शिकवायची. त्यांच्या पंथाच्या मूळ पुरुषानं म्हणे घरची श्रीमंती सोडून गरिबांच्या पोरांसाठी शिक्षकांचंच एक घर मांडलं होतं. त्या घराच्या फांद्या दर्या ओलांडून आमच्यापर्यंत आल्या. महाराजांच्या राज्यात तेव्हा जातीजातींची बोर्डिंगं उभी राहत होती. इथं तर पिंजाऱ्याचा, चांभाराचा आणि आमच्यासारख्या जैनाचा मुलगा एकाच बाकावर खेटून बसत.

आमचे ब्रदर गोरे, केस पिकलेले, काळा पायघोळ झगा. वर्गात ते बोलत जवळजवळ नसतच. हातात एक लाकडी टकटकं असे. एकदा टक् म्हणजे थांबा, दोनदा टक् म्हणजे पुढं चला. सौद्यात सकाळभर बोंबलून आलेला मी त्या शांततेत पहिल्या दिवशी चक्क झोपलो. टक्. जागा झालो तर ब्रदर समोर. रागावले नाहीत. माझं उलटं धरलेलं पुस्तक तेवढं सरळ केलं. बाहेर मात्र ते बोलत आणि मराठी बाजारात शिकल्यामुळं अस्सल कोल्हापुरी बोलत.

हे सगळं मी घरी सांगत असे. ऐकणारी मुख्य माणूस आमची आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो. दिगंबर मुनी त्या काळी दुर्मिळ, कधीमधी कर्नाटकातून येत. मुनींना दारात थांबवून आपल्या हातानं आहार द्यावा ही अव्वाची जन्माची इच्छा, ती कधी पुरी झाली नव्हती.

एके दिवशी ती म्हणाली, "बायकू न्हाय, घर न्हाय, पैका न्हाय. असला माणूस मुनीच की रं. अंगावर कापडं हायत, एवढंच काय ते."

"अव्वा, ते किरिस्ताव हायत."

"मग मी कुटं त्यास्नी मंदिरात न्यायला लागलीया?"

ब्रदर रोज संध्याकाळी जोडीनं आमच्या दारावरून फिरायला जात. एकदा अव्वा दारात रांगोळीचा चौक पुरून, हातात पाण्याचा कलश आणि नारळ घेऊन उभी राहिली आणि ते समोर येताच म्हणाली, "नमोस्तु, तिष्ठ, तिष्ठ." थांबा, थांबा. ब्रदर थांबले. त्यांना वाटलं, मुलाची चौकशी आहे.

"पोरगं बरं हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "पर हिशोबात लई कच्चं हाय."

मी दारामागं. मग मला पुढं होऊन खरा प्रकार सांगावा लागला. ब्रदरांनी हात जोडले. विद्यार्थ्याकडून किंवा त्याच्या घरून काही घ्यायचं नाही, चिमूटभर तपकीरसुद्धा नाही, असा त्यांचा नियम. ते निघून गेले.

दारातून मुनी परतला म्हणजे आहारात अंतराय आला, काहीतरी दोष घडला, असं आमच्यात मानतात. अव्वानं दोष स्वतःवर घेतला, थोडा माझ्या हिशोबावरही ढकलला आणि नियम केला: ब्रदर आपल्या हातचं खातील तोवर गूळ वर्ज्य. गुळाच्या घरात गूळ सोडला. आप्पांनी कपाळाला हात लावला. संक्रांत आली, घरभर तिळगूळ, अव्वाच्या हातावर नुसते तीळ. पाहुणे विचारत, "पेठेत गूळ संपला काय?"

मी ब्रदरांना गाठून विनवलं.

"मी नियम मोडला तर पोरं कशाला पाळतील?" ते म्हणाले. "तुमच्या अव्वानं बी नियम घेतलाय न्हवं? मग दोघं पाळूया की."

आणि दोघांनी पाळला. अव्वा रोज संध्याकाळी दारात उभी राहून नुसता नमस्कार करी, तेही करत.

मग ब्रदरांना बदलीचा हुकूम आला. त्यांनी वर्गासमोर टकटकं दोन्ही हातांनी नव्या ब्रदरांच्या हातात दिलं आणि बाहेर पडले. निरोपाचं भाषण नाही, काही नाही. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अव्वा दळत होती. जातं थांबलं, पुन्हा चालू झालं.

सकाळी ती कलश घेऊन दारात. ताटात दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, तूप, गूळ. मी म्हणालो, "अव्वा, स्टेशनला जायची वाट खालून हाय. ते इकडनं कशाला येतील?"

"तू हिशोबात कच्चा हाईस," ती म्हणाली.

ते आले. बरोबर दुसरे ब्रदर आणि एक लहानशी पेटी. अव्वा म्हणाली, "नमोस्तु, तिष्ठ, तिष्ठ." दुसरे ब्रदर गाडीबद्दल काही पुटपुटले. आमचे थांबले.

"काल शाळा सोडली," ते अव्वाला म्हणाले. "म्होरली अजून गावली न्हाय. आज मी कुणाचा मास्तर न्हाय. वाटसरूला एवढाच नियम, म्होरं येईल ते खावं."

बसायला वेळ नव्हता. त्यांनी पेटी खाली ठेवली, उभ्या उभ्याच दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. आमचे मुनी असेच उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. निदान मी तरी नाही. अव्वानं दशमीचा तुकडा, त्यावर तूप, त्यावर गूळ, असं एकेक ठेवत नेलं. शेवटी कलशातलं पाणी. ब्रदर पाणी प्याले, ओला हात झग्याला पुसला, पेटी उचलली आणि गेले.

ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत अव्वा हलली नाही. मग ताटातला उरलेला गुळाचा खडा तोंडात टाकला, डोळे मिटून बराच वेळ चघळला.

"औंदाचा माल बरा हाय," ती मला म्हणाली. "आप्पास्नी सांग, भाव सोडू नका म्हणावं."