मॅडम, तुमची सर्व्हिस बंद दिसतेय!

आमच्याकडे तक्रार आली की तिला नंबर मिळतो, आणि सुटली की ती बंद होते. किस्सा मात्र बंद होत नाही. तो दुपारी डबे उघडले की पुन्हा निघतो, नव्या माणसाला पुन्हा सांगितला जातो, आणि दर वेळी त्यात आमचा मूर्खपणा थोडा वाढलेला असतो! चार वर्षांत इतके साठलेत की ऑफिसात प्रोग्रॅम कमी आणि किस्से जास्त झालेत.

आधी आमचं काम सांगते. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस आहे. माणसं तीन: मालक गिरीश सर, व्यंकटेश आणि मी. हॉस्पिटलच्या लॅबसाठी आम्ही एक प्रोग्रॅम बनवतो. रक्त तपासणारं मशीन आकडे सोडतं. ते आकडे घ्यायचे आणि रिपोर्ट बनवणाऱ्या, छापणाऱ्या, डॉक्टरांच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवायचे, एवढंच त्याचं काम. लॅबमधले कॉम्प्युटर जुने. सगळं एकदम चालू ठेवलं तर गुदमरतात. म्हणून बाकीच्या सर्व्हिस, म्हणजे एकेक काम करणारे छोटे प्रोग्रॅम, झोपलेल्या असतात. आकडे आले की आमचा प्रोग्रॅम ज्या त्या सर्व्हिसला उठवतो, काम झालं की ती परत झोपते.

ऐकायला किती सोपं वाटतं ना! सोपं असतं तर मला ॲसिडिटी झाली नसती.

*

नातेपुत्याच्या एका लॅबच्या मालकांचा रोज सकाळी साडेनऊला फोन.

"मॅडम, तुमची सर्व्हिस बंद हाय."

"दादा, ती बंदच असते. पेशंटचं रक्त मशीनमध्ये घातलं की आपोआप सुरू होते. आत्ता पेशंट आहे का?"

"न्हाय."

"मग नाही होणार सुरू."

"पण बंद दिसतंय की!"

हे एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ दिवस! मी समजावलं, सरांनी समजावलं, व्यंकटेशनं तर कागदावर चित्र काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं. नवव्या दिवशी साडेनऊला फोन वाजला आणि व्यंकटेशचं डोकं फिरलं. त्यानं प्रोग्रॅम उघडला, स्क्रीनवरचा 'बंद' शब्द काढला आणि तिथे 'तयार' लिहिलं. बाकी एका अक्षराला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी फोन नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आम्ही खालून क्रीमरोल मागवले.

चौथ्या दिवशी साडेनऊला फोन.

"मॅडम, आता लई भारी दिसतंय बगा! पण नुसतं तयार हाय, तयार हाय म्हनतंय. कामाला कवा लागनार?"

*

व्यंकटेशचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. त्याच्या घरात सगळे तेलुगू बोलणारे विणकर, शिकून कॉम्प्युटरवर बसलेला हा पहिलाच. मुलगी बघायला गेला. मुलीच्या वडिलांनी तेलुगूतून विचारलं, "तुमचं काम नक्की काय असतं?"

व्यंकटेश बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "एकाचा मेसेज आला की तो नीट तपासून दुसऱ्याकडे पोचवायचा."

सासरेबुवांचा चेहरा उजळला. आत वळून बायकोला म्हणाले, "अगं, पोस्टात आहे!" मग याच्याकडे बघून, "परमनंट ना?"

लग्न झालं. सासरेबुवांना खरं काय ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

*

आमच्या सरांना सुरक्षेचं भयंकर वेड. बँकेच्या नावानं एकदा कुणीतरी त्यांना फसवायला बघितलं, तेव्हापासून अनोळखी म्हटलं की ते दारच लावून घेतात. प्रोग्रॅममध्येही त्यांनी तेच करायला लावलं. कुठल्या मशीनकडून कुठल्या नावाचे निरोप घ्यायचे याची एक यादी. यादीत नाव असेल तर पुढे जाऊ द्यायचं, नसेल तर फेकून द्यायचं. आवाजसुद्धा करायचा नाही.

अक्कलकोटच्या एका लॅबमध्ये ही यादी घातली सोमवारी. बुधवारी दुपारी तिथून एका ओळखीच्या कंपाउंडरचा निरोप आला की लॅबवाले दोन दिवस हातानं रिपोर्ट लिहिताहेत. मी तशीच उठले आणि एसटी पकडली.

तिथं पोचून बघते तर काय! हिमोग्लोबिनचं इंग्रजी स्पेलिंग आमच्या यादीत एक, आणि त्यांचं मशीन पाठवत होतं दुसरं, मध्ये एक 'ए' जास्त. झालं! दोन दिवसांतलं सगळ्या गावाचं हिमोग्लोबिन आमच्या प्रोग्रॅमनं अनोळखी म्हणून फेकून दिलं होतं. एका 'ए'पायी!

तिथल्या टेक्निशियन बाई, महादेवी अक्का, समोर बसल्या होत्या. लिहून लिहून त्यांचं बोट सुजलं होतं. मला लाजही वाटली आणि रागही आला.

"अहो अक्का, सोमवारीच फोन का नाही केला?"

"केला की! सोमवारी सहा वेळा, मंगळवारी नऊ वेळा." त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "तुमचा ऑफिसचा फोन म्हणतो, अनोळखी नंबर घेत नाही."

*

रिपोर्ट बनवणारी एक सर्व्हिस आणि छापणारी एक. छापणारीला व्यंकटेशनं सांगितलं, आधी रिपोर्टवाली उठली आहे का बघ, मगच ऊठ. रिपोर्टवालीला मी सांगितलं, आधी छापणारी उठली आहे का बघ, मगच ऊठ. आम्ही एकमेकांना विचारलं का? नाही! समोरासमोर बसतो आम्ही, मध्ये एक पाण्याची बाटली.

शहरातल्या एका हॉस्पिटलात सकाळी सगळं ठप्प. सर लाईनवर, तिकडचे डॉक्टर लाईनवर, आम्ही घामाघूम. दोन्ही सर्व्हिस एकमेकींची वाट बघत पडून राहिलेल्या. अर्ध्या तासानं कारण सापडलं. सर स्क्रीनकडे बघून इतक्या जोरात ओरडले की खालची बेकरी गप्प झाली:

"अरे, कुणीतरी एकानं आधी उठा की!"

मी आणि व्यंकटेश दोघंही खुर्चीतून उठून उभे राहिलो.

*

एका हॉस्पिटलची तक्रार होती, "तुमचा प्रोग्रॅम घातल्यापासून कॉम्प्युटर सुरू व्हायला पाऊण तास लागतो." पाऊण तास! मी गेले. बघते तर चौदाच्या चौदा सर्व्हिस कॉम्प्युटर सुरू होतानाच एकदम सुरू. एकही झोपलेली नाही. कॉम्प्युटरचा पंखा असा वाजत होता की शेजारच्या खोलीतला पेशंट विचारायला आला.

हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बघणारे एक गृहस्थ होते, शर्टाच्या खिशात तीन पेनं. म्हणाले, "मीच बदललं ते सेटिंग. तुमचं ते मागेल तेव्हा उठणं मला पटलं नाही मॅडम. सकाळीच सगळ्यांना उठवून बसवलं की ऐन वेळी कुणाची वाट बघायला नको. शिस्त पाहिजे!"

मी दोन तास खपून सगळं पूर्वीसारखं केलं. निघताना सहज विचारलं, "तुम्ही इथे किती वाजता येता?"

"मी? मी रोज नाही येत. काही काम निघालं की हे लोक फोन करतात, मग येतो."

*

आता शेवटचा. हा सर कधी कुणाला सांगत नाहीत, मी सांगते.

सांगोल्याला एक हॉस्पिटल आहे. लॅब तळमजल्यावर, डॉक्टर मॅडमची केबिन वर. एखादा आकडा धोक्याचा निघाला की आमचा प्रोग्रॅम मॅडमच्या स्क्रीनवरची सर्व्हिस उठवतो आणि तो आकडा लाल रंगात दाखवतो. निदान दाखवायला हवा.

त्या दिवशी दुपारी टेक्निशियननं एका आजोबांचं रक्त मशीनला लावलं आणि तो जेवायला गेला. आजोबा मेंढरं राखणारे, अंगात अशक्तपणा आहे म्हणून आलेले. बाहेरच्या बाकड्यावर घोंगडी घेऊन बसले होते. त्यांच्या रक्तात पोटॅशियम इतकं वाढलेलं निघालं की हृदय कधीही थांबावं.

वर मॅडमचा कॉम्प्युटर लाईट जाऊन आल्यापासून अडकला होता. आमच्या प्रोग्रॅमनं सर्व्हिस उठवायचा प्रयत्न केला. उठली नाही. पुन्हा केला. पाच वेळा केला. आणि मग तो थांबला, कारण पाच वेळा जमलं नाही तर सोडून द्यायचं, नाहीतर जुना कॉम्प्युटर दमतो, असा नियम होता. नियम मी लिहिला होता.

लॅबच्या स्क्रीनवर फक्त एक लाल ओळ आली, इंग्रजीत. समोर शेवंता मावशी फरशी पुसत होत्या. मावशींना मराठीसुद्धा वाचता येत नाही. पण त्या स्क्रीनवर लाल त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी पोछा तिथंच टाकला, जिना चढल्या आणि केबिनचं दार ढकललं. आत पेशंट.

"मावशी, बाहेर थांबा."

"न्हाय थांबत. खाली लाल आलंय, तुमी आदी चला."

मॅडम खाली आल्या, आकडा बघितला आणि पळतच बाहेर गेल्या. आजोबांना तिथून थेट आत घेतलं. आठवड्यानं ते आपल्या पायांनी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सांगोल्याला गेलो. प्रोग्रॅमची नोंद उघडली: प्रयत्न एक, दोन, तीन, चार, पाच. त्याखाली काही नाही. मी त्या पाच ओळी किती वेळ बघत बसले, मला माहीत नाही. डॉक्टर मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा सांगितला.

चहा घेऊन शेवंता मावशीच आल्या. सर उठून उभे राहिले, हात जोडले. मावशी अवघडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्ये तुमचं हाय ते नेमकं करतंय काय वो?"

"एकानं सांगितलेलं दुसऱ्याला पोचवतं, मावशी. आणि तो दुसरा झोपला असेल तर त्याला उठवतं."

"आन न्हाई उटला तर?"

"पाच वेळा उठवतं."

"आन मग?"

व्यंकटेश म्हणाला, "मग सोडून देतं."

मावशींनी ट्रे कमरेला लावला आणि आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं.

"पाचच? आवो, माज्या नवऱ्याला मी रोज धा येळा उटवती की!"