रेषेबाहेरच्या घराची मोजणी

मला एका जागी बसवत नाही. ही लहानपणापासूनची खोड. बसलो की पाय हलायला लागतो, आणि बसून पाय हलवला की घरात दळिद्र येतं म्हणून आईचा धपाटा ठरलेला. पालिकेच्या घनकचरा विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो तेव्हा साहेबांनी सगळी फिरतीची कामं माझ्या गळ्यात घातली, ती बहुधा टेबलाखालचा पाय बघूनच. पण त्या आठवड्यात माझी जी तगमग झाली, तिचा या खोडीशी काही संबंध नव्हता.

काम खरं तर माझ्या आवडीचं होतं. आमची पालिका आणि शेजारची पालिका मिळून कचऱ्याचं एक हस्तांतरण केंद्र उभारणार होत्या. दोन्ही शहरांच्या घंटागाड्यांनी गोळा केलेला कचरा एकाच शेडमध्ये ओतायचा, तिथे तो दाबून मोठ्या बंद डब्यांत भरायचा आणि मग मोठ्या गाड्यांनी लांबच्या डम्पिंगला पाठवायचा. तोवर प्रत्येक छोटी गाडी स्वतःच तिथपर्यंत जायची आणि हायवेवर ट्रकांमागे अर्धा दिवस अडकायची. इकडे सानपाड्यातल्या सोसायट्या मला फोन करून विचारायच्या, गाडी मेली की काय. या केंद्राची पहिली टिपणी मी लिहिली होती आणि तिचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

जागा मात्र वरून ठरली. दोन्ही शहरांच्या हद्दीवरचा, खाडीलगतचा रिकामा तुकडा. नकाशावर बोट ठेवून साहेब म्हणाले की वस्ती लांब आहे, नियमात बसतंय. मी बोटाखाली बघितलं. त्या तुकड्याला लागूनच आमचं गाव आहे.

आता नकाशात आमचं गाव आहे, पण आमचं घर नाही. नवं शहर वसवायला जमिनी घेतल्या तेव्हा जुन्या गावाभोवती एक रेष मारली गेली, ती गावठाणाची रेष. पुढे घरांत भाऊ वाढले, सुना आल्या, आणि लोकांनी रेषेबाहेर घरं बांधली. सरकारी भाषेत ती ‘गरजेपोटी बांधलेली घरं’. ती कायम करू, असं प्रत्येक निवडणुकीत सांगितलं जातं. तोपर्यंत मोजणीवाला आला की त्याला चहा पाजून वाटेला लावायचं, हीच गावाची रीत. कागदावर आलो की नोटीस येणार, ही भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच आमचं नगरनियोजन. बाबा या कामात सगळ्यांच्या पुढे. रबाळ्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन मोजणीवाले परत पाठवले होते.

संयुक्त पाहणीला शेजारच्या पालिकेची अभियंता आली. कळंबोलीला राहणारी, मूळची मराठवाड्यातली, कामाला चोख. तिने प्लॉटच्या कडेपासून मोजणीचं चाक ढकलत थेट गावठाणाच्या रेषेपर्यंत नेलं. अंतर नियमात बसलं. पण तिथे पोचताना आम्ही घरांच्या दोन पक्क्या ओळी ओलांडून आलो होतो. पहिल्या ओळीत निळ्या जिन्याचं घर आमचं. दोरीवर माझा कालचा शर्ट वाळत होता.

“सर, ही घरं नकाशात नाहीत,” ती म्हणाली. “पण ह्यात लोक राहायलेत की.”

मी तिला सांगितलं की ती धरायची नसतात, आपण रेषेपासून मोजतो. नियमाने ते खरं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि वहीत आकडा लिहिला. मला इतकी लाज वाटली की परतताना मी त्या शर्टाकडेही बघितलं नाही.

अहवालावर सह्या सोमवारी व्हायच्या होत्या. मधले दिवस मी नुसता फिरत होतो. सकाळी गच्चीवर जायचो, खाली यायचो, प्लॉटपासून आमच्या ओट्यापर्यंत पावलं मोजायचो. अंतर वाढेल अशी आशा होती की काय, देव जाणे. घर अहवालात आलं तर केंद्र दुसरीकडे जाण्याची शक्यता होती, पण मग घर बेकायदा म्हणून कागदावर चढणार होतं. नाही आलं, तर दोन शहरांचा कचरा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

रविवारी जेवताना मी सगळं सांगून टाकलं. आई लगेच म्हणाली की लिहिलं तर घर पाडतील, नाही लिहिलं तर वास सुटेल, तर वास परवडला. बाबांचा हात ताटातच थांबला.

“आनि तुज्या कागदावं आता काय हाय?” त्यांनी विचारलं.

“कागदावर इथे कोणीच राहत नाही.”

ते पुढे जेवले नाहीत. हात धुऊन ओट्यावर जाऊन बसले. आईने ताट झाकून ठेवलं आणि माझा पाय हलत होता तरी मला काही बोलली नाही.

सोमवारी सकाळी मी शेजारच्या पालिकेच्या त्या मॅडमला फोन करून पुन्हा मोजायचंय म्हणालो. काय कारण सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, पण तिने विचारलंच नाही. तासाभरात चाक घेऊन हजर. या वेळी चाक आमच्या ओट्याला टेकून थांबलं. अंतर नियमाच्या निम्मंही भरलं नाही. घर कोणाचं, तिने विचारलं. मी चाकाकडे बघत राहिलो. सरकारी नोकर मी, आणि बेकायदा घराचा मुलगाही मीच.

बाबा ओट्यावरून उठले. “माजं हाय. लिव, बाय. इथं पाच मानसं रातान. आनि ह्यो माजा पोर.”

मॅडमने माझ्याकडे बघितलं. ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त वहीतला जुना आकडा खोडला आणि बाबांकडे पाणी मागितलं. शेजारच्या काकांनी मात्र खिडकीतून सगळं ऐकलं होतं. बाबांनी आख्खी ओळ गोत्यात आणली असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या घरून आमच्याकडे मासळीची वाटी आली नाही.

अहवालात सर्वांत जवळच्या घराची एक चौकट असते. मालकाचं नाव, वापर, स्थिती. स्थितीच्या रकान्यात दोनच शब्द चालतात, अधिकृत किंवा अनधिकृत. मॅडम म्हणाली, “द्या सर, मी लिहिते.” तिचा स्वभाव चांगला, म्हणून म्हणाली. मी नको म्हणालो. बाबांचं नाव लिहिलं, वापर निवासी लिहिला, आणि त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात ‘अनधिकृत’ लिहून सही केली. खाली तिने शेजारच्या पालिकेची सही केली.

केंद्राची जागा आधी बदलते की नोटीस आधी येते, हे तेव्हा दोन्ही पालिकांत कोणालाच सांगता आलं नसतं. मी प्रत घेऊन घरी गेलो. बाबा ओट्यावरच होते. म्हणाले, वाच. मी वाचायला लागलो. त्यांचं नाव वाचलं, निवासी वाचलं आणि थांबलो. पुढचं वाच, म्हणाले. मी तो शब्दही वाचला.

बाबांनी प्रत माझ्याकडून हातात घेतली.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “पन घर लिवलंस ना?”

“लिहिलं,” मी म्हणालो.